नुसते ओठ

माझ्या सेवापुस्तकात संगीत हा शब्द कुठेही नाही. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका. गणित, मराठी, परिसर अभ्यास, पोषण आहाराची नोंद, सगळं आम्हीच करायचं. पण ज्या ज्या गावात माझी बदली झाली तिथे चार-सहा महिन्यांत लोक मला ‘गाण्याच्या बाई’ म्हणायला लागत, आणि ते मला फार आवडायचं. किती आवडायचं ते आधी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्या आवडण्यातूनच झालं.

माझं माहेर भिंगारचं. वडील लष्कराच्या एका कार्यालयात कारकून होते. आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक पेटी होती आणि आठवड्यातून दोनदा मला गाणं शिकवायला एक वयस्कर बाई येत. मी रियाजाला बसले की वडील शेजारी वर्तमानपत्र वाचत बसायचे. माझा सूर चुकला की ते काही बोलत नसत. पेपरावरची नजर न हलवता फक्त उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. मी थांबायचे, पुन्हा घ्यायचे. सूर लागला की बोट खाली. चूक कानाला टोचली पाहिजे, असं मी त्या घरात शिकले, आणि ते शिक्षण चांगलंच आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

डी.एड. झाल्यावर मला काष्टीजवळच्या एका वस्तीवरची शाळा मिळाली. दोन खोल्या, एक व्हरांडा, दोन शिक्षक. दुसरे म्हणजे मुख्याध्यापक गुरुजी, पन्नाशीचे, शांत. मी माझी पेटी टेम्पोतून नेली तेव्हा ते म्हणाले, “आणली आहे तर वाजवा. पण पाढे मागे पडायला नकोत.”

पाढे मी गाण्यातच घेतले. पेटीला मुलं आधी बिचकली. मग मी पेटी बाजूला ठेवली आणि शाळेमागे पडलेल्या विटा मागवल्या. व्हरांड्यात विटांच्या आठ पायऱ्या रचल्या, सगळ्यात खाली सा, सगळ्यात वर पुन्हा सा. एकाने पायऱ्या चढायच्या, बाकीच्यांनी तो जिथे पाय ठेवील तो सूर म्हणायचा. तो मध्येच दोन पायऱ्या गाळून उडी मारायचा आणि वर्ग गोंधळून हसायचा. कधी स्टीलच्या पेल्यांत कमीजास्त पाणी भरून चमच्याने वाजवायचो. कधी सगळ्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं बसायचं आणि काय काय ऐकलं ते सांगायचं: उसाचा ट्रॅक्टर, कोणाच्या तरी म्हशीची साखळी, गुरुजींची खुर्ची.

पण मुलांना सगळ्यात आवडायचा तो बाजाराचा तास. काष्टीचा आठवडी बाजार झाला की दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने बाजारातली एक हाळी वर्गात आणायची. कोथिंबीरवाली कशी ओरडते, बांगडीवाला कसा, रसाचं गुऱ्हाळ लावणारा कसा. मग आम्ही त्या हाळ्या एकामागे एक, एकात एक अशा म्हणायचो आणि आमचा वर्ग बाजार व्हायचा.

त्या तासाला पहिली यायची ती चौथीतली एक मुलगी. वस्तीवरच्याच शेतकऱ्याची. अंगाने बारीक, पण आवाज असा की रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा. ती सुकटवालीची हाळी आणायची. “सुकाट घ्या, बोंबील” एवढेच शब्द, पण ते म्हणताना ती कमरेवर हात ठेवायची, मान मागे टाकायची, आणि शेवटचा शब्द इतका लांबवायची की बाकीची मुलं श्वास धरून बसायची. सकाळी शाळेत मी गाडीवरून उतरायच्या आत ती समोर उभी असायची.

“बाई, आज गान्याचा तास हाय ना?”

“गाण्याचा म्हण.”

“गाण्याचा. हाय ना?”

“आहे.”

“आहे,” ती म्हणायची आणि पळत जाऊन सगळ्यांना सांगायची, “हाय, हाय.”

तिचा सूर मात्र लागत नसे. हाळीला सुराचं बंधन नाही, म्हणून तिथे ती राणी होती. गाणं सुरू झालं की ती सुरापासून थोडी खाली, कधी थोडी वर, आपल्याच वाटेने चालायची, आणि पूर्ण छातीने. तिच्या आजूबाजूची दोन-तीन मुलं तिच्या मागे जायची. एरवी तासाला मी ते चालवून घ्यायचे. मनात माझ्या वडिलांचं बोट वर व्हायचं, पण मी चालवून घ्यायचे.

त्या वर्षी तालुक्याला समूहगीतांची स्पर्धा होती. आमच्या एवढ्याशा शाळेतून कोणी कधी गेलं नव्हतं. मी बारा मुलं निवडली आणि त्यांत तिलाही घेतलं. तिला वगळण्याचं माझ्या मनात नव्हतं. देशभक्तीपर गाणं बसवायला घेतलं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तालीम. पहिल्याच कडव्यात गाणं वाकडं जायचं. मी एकेकाला वेगळं म्हणायला लावलं, तेव्हा सगळ्यांना कळलं की गाणं कोणामुळे वाकडं जातंय. तिलाही कळलं असावं. पण तिला वाटलं, आणखी जोर लावला की जमेल.

स्पर्धेला चार दिवस राहिले तेव्हा गुरुजी तालमीला येऊन बसले. मुलं पाणी प्यायला गेल्यावर म्हणाले, “बाई, ती एक काढा. मग बघा कसं होतं.”

“तिला वाईट वाटेल,” मी म्हणाले.

“मग तुम्ही बघा.”

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. व्हरांड्यात ती विटा रचून ठेवत होती. मी तिला जवळ घेतलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी मायेने म्हणाले, “हे बघ, तू स्टेजवर माझ्याबरोबर येणारच आहेस. फक्त एक करायचं. आवाज नाही काढायचा. नुसते ओठ हलव. कोणाला कळणार नाही.”

ती माझ्याकडे बघत होती. “शब्द म्हनायचे, पन आवाज न्हाई?”

“हो. जमेल ना?”

“जमंल,” ती म्हणाली. मग उरलेली वीट जागेवर ठेवून, “बरं बाई.”

मला हायसं वाटलं. तिचं मन न दुखवता मी काम केलं, अशा समाधानात मी घरी गेले. नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, छान युक्ती.

स्टेजवर ती दुसऱ्या रांगेत होती. निळी रिबीन, धुतलेला गणवेश. समोर उभी राहून हातांनी ताल देताना मला ती स्पष्ट दिसत होती. प्रत्येक शब्दाला तिचे ओठ बरोबर हलत होते, चेहऱ्यावर हसू, मान तालावर. खरं सांगायचं तर बाराजणांत सगळ्यात मन लावून गाणारी तीच दिसत होती. आमचा पहिला नंबर आला. परत येताना जीपमध्ये मुलं ओरडत होती, गात होती. ती खिडकीशी बसली होती. ती त्यांत गात होती की नाही, ते मी पाहिलं नाही.

पुढचे सहा महिने ती माझ्याच वर्गात होती. ते सहा महिने मी नंतर कितीदा तरी आठवून पाहिले. मला आठवतं ते एवढंच की त्यानंतर वर्गाचं गाणं एकदम सुरेल व्हायला लागलं. मला वाटलं, स्पर्धेमुळे मुलांचे कान तयार झाले. मी खूश होते. बाजाराच्या तासाला सुकटवालीची हाळी येईनाशी झाली, तेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. आली असेल कधीतरी, असं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. आली नव्हती.

वार्षिक परीक्षा झाली, ती पाचवीला मोठ्या शाळेत गेली. पुढे माझ्या नवऱ्याला राहात्याला नोकरी लागली म्हणून मी तिकडे बदली घेतली. तिथे माझी दोन मुलं वाढली, तीन शाळा झाल्या. पेटीची भाती दोनदा बदलली. विटांच्या पायऱ्या, पाण्याचे पेले, बाजाराचा तास सगळीकडे चालला. प्रशिक्षणांमध्ये मला बोलवायचे, ‘वर्गात गाणं आनंददायी कसं करावं’ ते सांगायला. मी सांगायचे. स्पर्धेत बेसूर मुलाचं काय करायचं असं एखादी नवी शिक्षिका विचारायची, तेव्हा मी हसून माझी युक्तीही सांगायचे.

एकोणीस वर्षांनी ऑनलाइन बदल्यांत मला पुन्हा काष्टीचाच श्रीगोंदा तालुका मिळाला. आधीची शाळा नव्हे, तिच्यापासून सात-आठ किलोमीटरवरचं दुसरं गाव. आता मुलं बाई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. पटांगणात पेव्हर ब्लॉक, वर्गात टीव्ही. माझ्याकडे पहिलीचा वर्ग आला.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. एक मुलगी, दोन वेण्या घातलेली, तालाला टाळ्या बरोबर द्यायची, हातवारे करायची, तोंडही उघडायची, पण तिच्या जवळून गेलं तरी काही ऐकू यायचं नाही. मला वाटलं लाजत असेल. एक दिवस सगळे म्हणत असताना मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि कान जवळ नेला. ओठ हलत होते. श्वाससुद्धा नव्हता.

तास संपल्यावर मी तिला विचारलं, “तुझा आवाज का गं येत नाही?”

ती अगदी सरळ म्हणाली, “आई म्हनली, शाळेत गानं आसलं की नुसते व्हट हलवायचे.”

“का?”

“आमचा आवाज फुटका हाय. मॅडमला तरास हुतो.”

मी तिला विचारलं, तुझ्या आईचं माहेर कुठलं. तिने त्या वस्तीचं नाव सांगितलं.

त्यानंतर मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत मी ऑफिसात जाऊन हजेरीपत्रक उघडलं. आईचं नाव होतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, पण नाव तेच.

पालकसभेला ती आली. मी तिला फाटकातच ओळखलं. चालणं तसंच, बारीक अंग तसंच. तिने आधी वाकून नमस्कार केला.

“वळखलं का बाई?”

“ओळखलं.”

“मला वाटलं इसरला आसाल. मी तर पोरीला पयल्या दिवशीच सांगितलं, ह्या माझ्या बाई हायेत. लई चांगल्या हायेत.” ती हसत होती. “आपला नंबर आल्ता तालुक्याला, आठवतंय? मी तर बेसूर. दुसऱ्या कोनी काढूनच टाकलं आसतं. तुमी न्हाई काढलं. स्टेजवर नेलं.”

मी हातातली सह्यांची वही उघडली आणि मिटली. तिने त्याचा अर्थ वेगळा घेतला, आणि बाई भारावल्यात असं समजून आणखी सांगायला लागली. तुमची युक्ती मला जन्माला पुरली, म्हणाली. गणपतीच्या आरतीला, हळदीच्या गाण्यांना, बायकांच्या भजनाला ती सगळीकडे जाते, सगळं तिला पाठ आहे, आणि ती नुसते ओठ हलवते. आजवर कोणाला कळलं नाही. नवऱ्यालाही नाही. तिने हे सांगितलं ते एखादी बाई आपण भाकरी कशी शिकलो ते सांगते तसं, कौतुकाने.

“आन पोरगी माझ्यावरच गेली,” ती म्हणाली. “घरात गुनगुनायला लागली तवाच वळखलं मी. म्हनलं, कोनी बोलायच्या आत आपनच सांगितलेलं बरं.”

त्या सभेत मी पोषण आहार आणि आधार कार्डाबद्दल बोलले. घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तिला काही वाटत नाहीये तर तू का लावून घेतेस. मी म्हणाले, तिला वाटत नाहीये हेच तर. त्याने चहा केला. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या पोरीला शिकवायला घेतलं. तिच्या आईला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून हे. शाळा सुटल्यावर वीस मिनिटं, ती आणि मी. पेटी उघडलीच नाही. मी तिला विचारलं, “तुमच्या विहिरीवरची मोटर कशी चालू होते?” ती म्हणाली, आवाज न्हाई काढायचा. मी म्हणाले, हे गाणं नाही, ही मोटर आहे. तिने बराच विचार केला आणि मोटर चालू केली. खालून वर जाणारा लांब आवाज, थोडा घोगरा. फुटका अजिबात नव्हता.

मग आम्ही मोटर बंद केली, चालू केली, अर्ध्यावर थांबवली. ती जिथे थांबायची तो सूर मी शोधायचे आणि तिच्याबरोबर धरायचे. आजवर मी मुलांना माझ्या सुरावर बोलवत आले होते. आता मी तिच्या सुरावर जात होते. ती तो सूर धरून राहिली की आम्ही दोघी मिळून एक पाऊल वर सरकायचो. घसरली की पुन्हा तिच्या जागेवर. तिने माझ्या गळ्यावर हात ठेवायचा, मी तिच्या. दिवाळीपर्यंत तिला तीन सूर आले. संक्रांतीपर्यंत ती वर्गाबरोबर गायला लागली. कधी चुकायची, मी काही करत नसे, ती आपोआप परत यायची. माझ्या नोकरीत मी कोणाला याहून चांगलं शिकवलं नव्हतं.

हे मी तिच्या आईला दाखवायचं ठरवलं. आता वाटतं, ते मी माझ्यासाठीच ठरवलं. तिला शाळेत बोलावलं. मुलीने मी रचलेलं चार ओळींचं पावसाचं गाणं म्हटलं, एकटीने, पेटीवर. आई बाकावर बसून ऐकत होती. दुसऱ्याच ओळीला तिने पदर तोंडाशी नेला. गाणं संपलं तेव्हा मुलगी पळत बाहेर खेळायला गेली आणि आम्ही दोघीच राहिलो.

“हे कसं केलं बाई?”

मी तिला सगळं सांगितलं. मोटर, गळ्यावरचा हात, एकेक पाऊल. मी उत्साहात होते. बोलता बोलता म्हणून गेले, “फुटका आवाज असा नसतोच गं. कानाला सवय लागली की कोणालाही येतं. वेळ द्यावा लागतो, एवढंच.”

ती पेटीकडे बघत होती. मग म्हणाली, “मंजी मलाबी आलं आसतं?”

नाही म्हणायची संधी होती. तुझं वेगळं होतं, तुझा आवाज खरंच तसा होता, असं काहीतरी. मी म्हणाले, “हो. आलं असतं. तेव्हा मला हे येत नव्हतं. माझी चूक झाली. तुला मी ते सांगायला नको होतं.”

तिचा चेहरा जसा बदलला तसा मी कोणाचा बदललेला पाहिला नाही. ती रडली नाही. हातातली पिशवी तिने दोनदा सरळ केली. एकोणीस वर्षं तिला वाटत होतं की आपला आवाज फुटका आहे, जशी आपली उंची कमी आहे, आणि एका चांगल्या बाईने आपल्याला सांभाळून घेतलं. ते मी दोन वाक्यांत काढून घेतलं, आणि बदल्यात तिला काही दिलं नाही.

“जाते,” ती म्हणाली. “धारा काढायच्यात.”

त्यानंतर ती शाळेत येईना. पोरीला सोडायला आजोबा यायचे. पालकसभेला आजी. मी पोरीजवळ निरोप दिला, आईला सांग मी बोलावलंय. ती दुसऱ्या दिवशी म्हणायची, “आई म्हनली, काम हाय.” एक महिना मी वाट पाहिली आणि मग एका रविवारी स्कूटीवरून तिच्या सासरच्या वस्तीवर गेले.

ती कांदा चाळीपाशी बसून कांदे निवडत होती. मला बघून उठली, खुर्ची आणायला निघाली. मी तिच्या समोर पोत्यावर बसले आणि कांदे निवडायला घेतले. थोडा वेळ आम्ही दोघी तेच करत राहिलो. सडलेले एका बाजूला, चांगले एका बाजूला.

“रागावलीस माझ्यावर?” मी विचारलं.

“न्हाई बाई.”

“रागाव. मला बरं वाटेल.”

“तुमाला बरं वाटावं म्हनून कसं रागवू?” ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, तिला खरंच तो प्रश्न पडला होता.

मी तिला म्हणाले, शाळा सुटल्यावर येत जा. कोणी नसतं तेव्हा. आपण दोघी बसू. तुझ्या मुलीला पाच महिने लागले, तुला थोडे जास्त लागतील. ती ऐकत होती. मग तिने मान हलवली.

“आता नको. मी करून बघितलं. परवा कोनी नव्हतं घरी, गोठ्यात एकली हुते. म्हनलं, बघू. तोंड उघडलं. व्हट हलतात बाई. शब्द सगळे येतात. आवाज न्हाई निघत.” तिने एक कांदा सोलल्यासारखा करून खाली टाकला. “लई जोर लावला. गाय बघत हुती माझ्याकडं.”

ती त्यावर थोडी हसली.

“मला दुसरं काय न्हाई वाटत,” ती म्हणाली. “आरतीबिरतीचं काय यवडं. एकच वाटतं. ही तान्ही हुती तवा लई रडायची. रातभर खांद्यावर घेऊन फिरायचे. आतनं लई यायचं वर, आजीच्या सगळ्या ओव्या पाठ हायेत मला. पन मी मोबाईल लावून ठिवायचे तिच्या उशाला. कोनची तरी बाई म्हनायची त्यात.” तिचे हात थांबले. “ती यवडीशी. तिला काय कळलं आसतं, सुरात हाय का न्हाई.”

मी तिथेच बसून होते. माझे डोळे वाहत होते आणि कांद्यांमुळे ते लपवायची गरज नव्हती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, उठली, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्याजवळ ठेवला, आणि पुन्हा निवडायला बसली. मी निघाले तेव्हा मला घासभर तरी खाऊन जा म्हणाली. मी थांबले नाही.

त्या वर्षापासून मी स्पर्धेला मुलं पाठवत नाही. केंद्रप्रमुख विचारतात, मी म्हणते तयारी झाली नाही. घरी जुन्या शाळांचे समूहगीतांचे फोटो आहेत. एके दिवशी ते सगळे काढून बसले आणि कोणाकोणाला मी ओठ हलवायला सांगितलं होतं ते आठवायला लागले. तिच्यानंतर आणखी चार आठवले. दोन मुलगे, दोन मुली. एका मुलीचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही. एक मुलगा आता राहात्याला दुकान चालवतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, मला काहीच आठवत नाही असलं.” मग म्हणाला, “पण मी कुठं गातो.” मी फोन ठेवला. आणि प्रशिक्षणात ज्या नव्या शिक्षिकांना मी ती युक्ती सांगितली, त्या कुठल्या कुठल्या शाळांत आहेत हे मला माहीतही नाही.

तिची मुलगी आता चौथीत आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात शाळेतल्या सगळ्या मुलांना मी स्टेजवर घेतलं, ज्यांचा सूर लागतो त्यांना आणि ज्यांचा नाही त्यांनाही. गाणं मध्ये दोनदा बरंच वाकडं गेलं. समोर बसलेल्या सरपंचांना आणि साहेबांना ते कळलं असेल. मुलगी पहिल्या रांगेत होती आणि मान मागे टाकून गात होती.

तिची आई बायकांमध्ये बसली होती. कार्यक्रम झाल्यावर ती माझ्याकडे आली. गाय व्याली होती, म्हणून खरवसाचा डबा आणला होता.

“लई छान झालं बाई,” ती म्हणाली. “पोरगी बरोबर गात हुती ना?”

“बरोबर गात होती.”

“मला न्हाई कळत. तुमी म्हनता तर आसंल.”

मी डबा घेतला. तिचा आवाज आता निघतो का, ते विचारलं नाही. ती मुलीचा हात धरून, गर्दीतून वाट काढत मोटारसायकलीकडे गेली.

घरी आल्यावर डबा उघडला तेव्हा खरवस अजून थोडा कोमट होता. मला तो खाववला नाही. शेजारच्या मुलांना दिला, डबा घासून पुसून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पोरीबरोबर परत द्यायचा होता. कोणाचा डबा रिकामा पाठवू नये म्हणतात. त्यात काय घालावं ते मला कितीतरी वेळ सुचेना. शेवटी साखर घातली.